शाळामास्तर, संन्यासी, खासदार

स्वामी रामानंद तीर्थ यांचे मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. कामगार नेते ना. म. जोशी यांचे सचिव म्हणून त्यांनी काम केले, मग हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांत शिकवले. संन्यास घेतला, पण मठात बसले नाहीत. सभा, सत्याग्रह, तुरुंग सारे भगव्या वस्त्रांतच झाले. त्यांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतर 1948 मध्ये निजामाची राजवट संपली. 1952 साली गुलबर्ग्याने, 1957 साली औरंगाबादने त्यांना लोकसभेत धाडले. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन 1797 साली पद सोडून आपल्या शेतमळ्यावर परतले. स्वामीजींना मात्र परतायला संसारच नव्हता. 1972 साली त्यांचे निधन झाले.