रक्तातील व मज्जेतील कर्कपेशी : अहवालाचा अर्थ

सारोळे परिसरात व्यवसाय करताना आम्हांस नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न असा : "वैद्यराज, गाठीला सुई टोचण्याऐवजी नुसते रक्त तपासून भागणार नाही का?" या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वैद्यास नेमके देता यावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

एका अर्बुदावर वा त्याच्या जोडीने दुसरे उद्भवते, हे सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अध्यर्बुद व द्विरर्बुद या संज्ञांनी सांगितले आहे. पुढे १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस अ‍ॅशवर्थ यांनी कर्करोगाने मृत झालेल्या रुग्णाच्या रक्तात अर्बुदातील पेशींसारख्याच पेशी पाहिल्या.

या पेशी शोधणे अत्यंत कठीण होय. एक मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशीच सुमारे ५ अब्ज असतात. कर्कपेशी मात्र एखाद-दुसरी. म्हणून तिच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनास चिकटणारे चुंबकीय कण रक्तात मिसळून ती वेगळी काढतात. ज्या पेशींनी ते प्रथिन गमावले, त्या निसटतात. मज्जेची तपासणी करावयाची तर कटीच्या अस्थीतून सुईने मज्जा काढावी लागते.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४,७०३ रुग्णांच्या एकत्रित अभ्यासात, इतरत्र प्रसार दिसत नसतानाही सुमारे ३१ टक्के स्त्रियांच्या मज्जेत अशा पेशी आढळल्या व त्यांच्यात व्याधी उलटण्याचे प्रमाण अधिक होते. २००४ च्या अभ्यासात, व्याधी पसरलेल्या ज्या स्त्रियांच्या ७.५ मिलिलिटर रक्तात ५ वा अधिक पेशी होत्या, त्यांचे आयुर्मान कमी ठरले. परंतु २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, पेशींची संख्या घटली नाही म्हणून लगेच औषध बदलल्याने आयुर्मान वाढले नाही. भविष्य वर्तविणे निराळे आणि उपचाराची दिशा ठरविणे निराळे!

आपल्या महाराष्ट्रातही या क्षेत्रात काम चालू आहे. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या स्तनकर्करोगविषयक रक्तचाचणीस २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. या दर्जामुळे परीक्षणास गती मिळते. तो अंतिम मान्यता नव्हे.

तेव्हा व्यवहारात तीन गोष्टी ध्यानी धराव्यात. रक्तात पेशी न सापडणे म्हणजे गाठ निर्दोष असणे नव्हे. आरंभिक अवस्थेत पुष्कळ रुग्णांच्या नमुन्यात एकही पेशी मिळत नाही. गाठीचे निदान ऊतकपरीक्षेनेच होते, आणि सुईमुळे व्याधी पसरून आयुष्य घटते, ही भीती निराधार आहे. औषधालयचालकांनी गाठीसाठी लेप वा गुग्गुळकल्प मागणाऱ्या स्त्रीस औषध देऊन वाटेस लावू नये. आधी तपासणीस धाडावे.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या वीस वर्षांच्या अभ्यासात (२०२१) प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी केलेल्या स्तनपरीक्षेमुळे व्याधी लवकरच्या अवस्थेत सापडू लागली आणि पन्नाशीपुढील स्त्रियांचे त्यापायी होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. स्पर्शनपरीक्षा तर आपल्या शास्त्राचीच आहे. ती वेळेवर करून रुग्णेस त्वरित पुढे पाठविणे, हेच आपले कर्तव्य होय.