सीडीतला आवाज आणि ४४ बाइट

आपल्याकडे अनेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात सीडींची एखादी चळत अजून पडून असते. कुणाच्या निकाहच्या खुतब्याची, कंधारला हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या उरुसात घेतलेल्या कव्वाल्यांची, इज्तेमातल्या बयानाची. एखाद्या सीडीत मरहूम अब्बांची तिलावतही असते. कॅसेट घासत चालली म्हणून नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या दुकानातून सीडीवर उतरवून घेतलेली.

आता सीडी प्लेअर राहिले नाहीत. मग घरातला कॉलेजात जाणारा मुलगा सीडी संगणकात घालतो. पडद्यावर ट्रॅक ०१, ट्रॅक ०२ अशा फायली दिसतात. तो त्या पेन ड्राइव्हवर कॉपी करतो. काम डोळ्याची पापणी लवते न लवते तोच होते. सीडी आत असेपर्यंत त्या फायली वाजतातही, म्हणून शंका येत नाही. सीडी भंगारात जाते आणि पुढे कधी ऐकायला बसावे तर पेन ड्राइव्हमधून चकार शब्द निघत नाही.

त्या फायलींचा आकार पाहिला असता तर उलगडा तेव्हाच झाला असता. विंडोजमध्ये अशी प्रत्येक फाइल फक्त ४४ बाइटची दिसते, मग ट्रॅक दोन मिनिटांचा असो की वीस. १९८२ मध्ये बाजारात आलेली ऑडिओ सीडी संगणकासाठी बनलेलीच नव्हती. तिच्यात फायली नसतात. आवाजाची एक सलग पट्टी असते आणि कुठला ट्रॅक कुठून सुरू होतो याची एक यादी. विंडोज त्या यादीवरून आपल्यासमोर नावापुरती फाइल मांडते. किताबाची फेहरिस्त उतरवून घेतली म्हणजे किताब उतरत नाही, तसेच हे. ॲपलच्या संगणकावर मात्र तेच ट्रॅक पूर्ण आकाराच्या फायली म्हणून दिसतात आणि कॉपीही होतात.

खरा आकार किती, ते मुलांना फळ्यावर करून दाखवण्यासारखे गणित आहे. सीडीवर एका सेकंदाचा आवाज ४४,१०० वेळा मोजलेला असतो. प्रत्येक मोजणीला दोन बाइट, डावा-उजवा असे दोन आवाज: म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट, मिनिटाला सुमारे १० एमबी. या हिशेबाने ८० मिनिटांची सीडी ८०० एमबीच्या वर जाते. मग तिच्यावर ७०० एमबी का छापलेले असते? सीडीचा सेकंद ७५ तुकड्यांत वाटलेला असतो. आवाजासाठी एका तुकड्यातले २,३५२ बाइट वापरता येतात. मजकूर किंवा इतर फायली ठेवायच्या तर २,०४८च. उरलेले ३०४ मुख्यतः चुका पकडून दुरुस्त करण्यासाठी राखलेले असतात. आवाजात एखादा कण हरवला तर प्लेअर आजूबाजूचा आवाज पाहून तो भरून काढतो, कानाला कळतही नाही. लिखाणात तसे चालत नाही. उर्दूत एक नुक्ता वरचा खाली आला की खुदाचा जुदा होतो.

एमपीथ्री सीडीची गोष्ट वेगळी. तिच्यात खऱ्याच फायली असतात, त्या सरळ कॉपी होतात. पूर्ण कुरआनचे पठण वीस तासांचे धरले तर ऑडिओ सीडी पंधरा लागतील. ६४ किलोबिटच्या एमपीथ्रीत ते एकाच सीडीवर मावते.

ऑडिओ सीडीतला आवाज मात्र ‘रिप’ करून काढावा लागतो. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये ही सोय आहे. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा मिळतो. बयानाला एमपीथ्री पुरे, पण अब्बांची तिलावत असेल तर वेव्ह किंवा फ्लॅक निवडावे, त्यात आवाजाचा काहीच भाग गळत नाही. वेव्ह फाइल मिनिटाला १० एमबीच्या आसपास भरली की आवाज आला असे समजा. तरीही शेवटचा ट्रॅक पूर्ण ऐकाच. सीडी आतून बाहेर वाचली जाते, शेवटचे ट्रॅक बाहेरच्या कडेला असतात आणि बोटे, ओरखडे तिथेच जास्त. घरी किंवा दुकानात भरलेल्या सीडीत रंगाचा थर असतो. ऊन आणि उष्णतेने तो उडत जातो. आपल्याकडचा मे महिना पत्र्याच्या खोलीत काय करतो, ते सांगायला नको. म्हणून हे काम उन्हाळ्याआधी उरकावे.

आणखी एक. अशा सीडीत सहसा नावे नसतात. संगणक ट्रॅकांच्या लांबीवरून इंटरनेटवर नावे शोधतो आणि कधी कधी नातच्या सीडीला भलत्याच अल्बमची नावे चिकटवतो. ती पुसून कुणाचा आवाज, कुठला, कोणत्या साली, हे आपल्या हाताने लिहावे. उर्दूत लिहिले तरी संगणकाला चालते.