खिडकीपाशी बाळ, खिडकीपाशी आई

दादाच्या लेकीचं बारसं झालं त्या रात्री मी फोटो चाळत बसले होते. बारा दिवसांत घरातल्या सगळ्यांनी मिळून तीनशेच्या वर फोटो काढले होते. बाळ झोपलेलं, बाळ जांभई देताना, आजीच्या मांडीवर, दादाच्या खांद्यावर. वहिनी मात्र तीनच फोटोंत सापडली. दोनांत फक्त तिचे हात होते आणि तिसऱ्यात फ्लॅशमुळे डोळे मिटलेले.

बारशाचे फोटोही तसेच. वर ट्यूबलाइट, समोरून फ्लॅश, त्यामुळे सगळ्यांची कपाळं चकाकणारी आणि मागे भिंतीवर काळ्या सावल्या. पाळण्याजवळ चार-पाच फ्लॅश एकदम उडाले तेव्हा बाळ दचकून असं रडायला लागलं की आजीने "पुरे झाले आता फोटो!" म्हणत सगळ्यांना खोलीबाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच वहिनीच्या खोलीत गेले. आमचं घर इंदूरच्या जुन्या भागातलं. त्या खोलीला उत्तरेकडे एक मोठी खिडकी आहे. ट्यूबलाइट बंद केली, फ्लॅश बंद केला, आणि पहिल्यांदाच बाळाच्या गालावरची बारीक लव फोटोत दिसली.

ही युक्ती जुनीच आहे

विजेचे दिवे नव्हते त्या काळी फोटो स्टुडिओ असेच चालत. उत्तरेकडे मोठी काच आणि उजेड कमी-जास्त करायला पडदे. आपल्या इंदूरचाच दाखला द्यायचा तर राजा दीनदयाळ इथे सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला होते. १८७० च्या दशकात त्यांनी इथेच कॅमेरा हाती घेतला आणि पुढे हैदराबादला निजामाचे छायाचित्रकार म्हणून नाव कमावलं. त्या पिढीला सूर्याच्या उजेडावरच काम भागवावं लागे.

खिडकीचा उजेड मऊ का असतो? बल्ब लहान असतो, त्याचा उजेड एकाच जागेहून येतो आणि सावलीची कड धारदार पडते. जवळची मोठी खिडकी बाळाच्या मानाने खूप मोठी असते. उजेड अनेक बाजूंनी येतो आणि सावलीची कड विरघळून जाते.

खिडकी कोणती?

उत्तरेकडची असेल तर उत्तम, कारण तिथे वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही. पूर्वेची असेल तर ऊन वर चढून खोलीबाहेर गेल्यावर, म्हणजे दहा-अकराच्या सुमारास बसा. पश्चिमेची असेल तर सकाळीच उरका. ऊन आत येतच असेल तर आजोबांचं जुनं पांढरं धोतर किंवा मलमलची ओढणी खिडकीला बांधा. मग ते कापडच दिव्याचं काम करतं. पावसाळी ढगाळ दिवस तर फारच छान.

रंगीत पडद्यापासून मात्र सावध. हिरव्या पडद्याजवळ बाळ हिरवट दिसतं आणि पिवळ्या भिंतीजवळ पिवळं. आमच्याकडे एका फोटोवरून "कावीळ तर नाही ना?" म्हणून दिवसभर काळजी चालली होती. फोटोवरून असं काही ठरवू नका. शंका वाटली तर सरळ डॉक्टरांना दाखवा.

बाळ कुठे, तुम्ही कुठे?

पलंग किंवा गादी खिडकीपासून दोन-तीन फुटांवर घ्या. बाळाला पाठीवर, थोडं तिरकं झोपवा आणि डोकं खिडकीच्या बाजूला ठेवा. उजेड कपाळाकडून हनुवटीकडे उतरला पाहिजे. पाय खिडकीकडे असले तर उजेड खालून वर जातो आणि गोड चेहरासुद्धा विचित्र दिसतो. खिडकीला पाठ करून तुम्ही उभे राहू नका, तुमचीच सावली बाळावर पडेल.

चेहऱ्याची पलीकडची बाजू फार काळी दिसत असेल तर त्या बाजूला पांढरं दुपटं किंवा थर्माकोलचा तुकडा धरा. उजेड त्यावर आपटून परत येतो. थोडी सावली राहू द्या, गालाची गोलाई तिच्यामुळेच दिसते.

मोबाइलवर काय करायचं?

आधी लेन्स पुसा. बाळाच्या घरात सगळ्यांच्या हाताला मालिशचं तेल असतं, त्यामुळे निम्मे फोटो धुरकट येतात. मग पडद्यावर बाळाच्या डोळ्यावर बोट टेकवून धरा, म्हणजे फोकस तिथे पक्का होतो. बऱ्याच फोनमध्ये बोट खाली सरकवलं की उजेड कमी होतो, तो किंचित कमी करा. फार जवळ गेलात तर नाक मोठं दिसतं, म्हणून थोडं मागे राहा आणि फोटो नंतर कापा.

कॅमेरा असेल तर शटर साधारण १/२०० ठेवा आणि आयएसओ ८०० किंवा १६०० पर्यंत न्यायला घाबरू नका. थोडे दाणे दिसले तर चालतात, हललेला फोटो दुरुस्त होत नाही.

घड्याळ बाळाचं

आंघोळ, शेक आणि दूध झाल्यावर बाळ गाढ झोपतं, तीच आपली वेळ. जागं असेल तर लक्षात ठेवा, पहिल्या काही आठवड्यांत बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरपर्यंतच नीट दिसतं. लांबून खुळखुळा वाजवण्यापेक्षा आईने जवळ वाकून बोलावं. ओळखून हसणं साधारण सहा ते आठ आठवड्यांनी येतं, तोवर हसण्याचा हट्ट नको.

आधी बाळ, मग फोटो

हनुवटी हातांवर टेकवून झोपलेल्या बाळांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. ते बहुधा दोन फोटो जोडून केलेले असतात. प्रत्येक वेळी कुणीतरी डोकं किंवा हात धरलेला असतो आणि तो नंतर पुसून टाकतात. घरी असला प्रयोग करू नका. बाळाला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नका, उन्हात ठेवू नका, चेहऱ्याजवळ उशी किंवा माळा नकोत. कुणीतरी सतत हाताच्या अंतरावर बसलेलं हवं, आणि ते फोटो काढणारं नसावं. फोन बाळाच्या बरोबर वर धरलात तर मनगटात दोरी अडकवा. गालावरची तीट फोटोत गोडच दिसते, पण डोळ्यांत काजळ घालू नका असं डॉक्टर सांगतात. ते ऐकावं.

आणि आई?

त्या सकाळी बाळाचे फोटो झाल्यावर मी म्हटलं, "वहिनी, आता तू बस."

"छे, अगं माझे केस बघ. दोन रात्री झोपले नाहीये मी."

"फोटोसाठी बसू नकोस. तिला ढेकर काढायचीय ना? तीच इथे बसून काढ."

ती खिडकीला बाजू करून बसली आणि बाळाला खांद्यावर घेऊन पाठ थोपटत राहिली. मी सहा फोटो काढले. उजेड बाजूने येत होता. डोळ्यांखालची वर्तुळं गेली नव्हती, पण ट्यूबलाइटखाली दिसत तशी दिसत नव्हती. एक दमलेली बाई आपल्या लेकीच्या मानेजवळ नाक टेकवून बसली होती, एवढंच.

वहिनीने फोन हातात घेतला आणि बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हा मला पाठव. ग्रुपवर नको टाकू."

मी टाकला नाही. आठवड्याने त्याची प्रिंट तिच्या कपाटाच्या दाराला आतून लावलेली दिसली.

पुढे कधीतरी ही मुलगी विचारेल, "मी एवढीशी होते तेव्हा आई कुठे होती?" आता उत्तर द्यायला निदान एक फोटो आहे. तुमच्या घरी बाळ आलं असेल तर येत्या रविवारी ट्यूबलाइट बंद करा, पडदा सरकवा आणि बाळाआधी त्याच्या आईला खिडकीपाशी बसवा. फोटो काढून झाला की तिला अर्धा तास झोपू द्या. बाळ तोवर तुम्ही सांभाळा.