विश्लेषणक्षमतेची पारख

विद्यापीठांच्या नोकरभरतीच्या जाहिरातींत अलीकडे ‘विश्लेषणक्षमता’ हा शब्द हटकून आढळतो. पद साहाय्यक प्राध्यापकाचे असो वा संशोधन साहाय्यकाचे, उमेदवाराच्या अंगी हा गुण असावा, अशी अपेक्षा असते. अपेक्षा रास्तच आहे. परंतु तो गुण पारखण्याची सोय निवडीच्या पद्धतीत कितपत आहे, हे पाहू गेल्यास निराशा पदरी येते.

साहाय्यक प्राध्यापकपदाची वाट बहुतेकांना ‘नेट’ वा ‘सेट’ परीक्षेतून काढावी लागते. ‘नेट’मध्ये दोन पत्रिका मिळून १५० प्रश्न, वेळ तीन तास, म्हणजे प्रश्नामागे ७२ सेकंद. पहिल्या पत्रिकेत तर्काचे व आकडेवारीचा अर्थ लावण्याचेही प्रश्न असतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण उत्तर चार पर्यायांत आयते मांडलेले असते. पूर्वी तिसरी पत्रिका तरी स्वतःच्या शब्दांत लिहावी लागे. २०१२ मध्ये तीही वस्तुनिष्ठ झाली. पुढे उरते ती मुलाखत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने पदव्या व शोधनिबंध यांचे गुण मुलाखतीस बोलावण्यापुरतेच धरले आणि अखेरची निवड सर्वस्वी मुलाखतीवर सोपविली.

विश्लेषण कशाला म्हणावे, याचे उदाहरण गोमंतकीयांना दूर शोधावयास नको. १९०७ साली गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे पेशाने गणिताचे अध्यापक. त्यांनी प्राचीन आहत नाणी तराजूत घातली. हातोहात फिरून नाणे झिजते, वजन घटते. तेव्हा पुष्कळ नाण्यांची वजने ताडून पाहिल्यास ती किती काळ चलनात होती याचा अंदाज बांधता येतो, हे त्यांनी दाखविले. नाणी संग्रहालयांत होतीच, तराजूही होता; प्रश्न तेवढा कोणी विचारला नव्हता. आजच्या छाननीत त्यांचा अर्ज इतिहास विभागाच्या दारापर्यंत तरी पोहोचला असता काय, याची आम्हांस शंका वाटते.

एकदा नेमलेला अध्यापक तीस-तीस वर्षे वर्गासमोर उभा राहतो. निवड चुकली तर तिची किंमत सत्तरी-काणकोणातून पहाटेची बस धरून येणारा विद्यार्थी मोजतो. म्हणूनच ही उपेक्षा परवडणारी नाही. उमेदवाराची अध्यापन व संशोधनाची कुवत व्याख्यानातून वा चर्चासत्रातून आजमावण्याची मुभा त्याच नियमावलीत दिली होती. ती मुभा कागदावरच राहू देण्याऐवजी उमेदवारापुढे त्याच्या विषयातील कच्ची सामग्री ठेवावी: जनगणनेचा एखादा तक्ता, एखादा पोर्तुगीज दस्तऐवज, खाडीच्या पाण्याच्या क्षारतेची मोजमापे. अर्धा दिवस द्यावा, दोन पाने लिहून घ्यावीत आणि मुलाखतीत त्याच पानांवर उलटतपासणी करावी. पाने तपासणारास उमेदवाराचे नाव कळू नये, आणि ज्याची निवड झाली नाही त्यासही आपल्या पानांवरील शेरा पाहावयास मिळावा.

यास फारसा खर्च नाही. ताळगावच्या पठारावरील आमच्या विद्यापीठाने पुढील जाहिरातीपासूनच हा प्रयोग करून पाहावयास काय हरकत आहे?