केईएममध्ये शिकवलेलं शवासन

नोकरी गेलेल्याला, घरात दुखणं निघालेल्याला एक सल्ला हमखास मिळतो : ‘टेन्शन घेऊ नकोस, जरा योगा कर.’ ऐकणाऱ्याचं ब्लडप्रेशर त्या सल्ल्यानेच वाढावं! पण या सल्ल्यात तथ्य किती, याची तपासणी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात पूर्वीच होऊन गेली आहे.

हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना चक्क शवासन शिकवलं आणि १९६९मध्ये ‘अँजिऑलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. सोबत लोणावळ्याचं कैवल्यधाम होतं. आसनं प्रयोगशाळेत तपासायची म्हणूनच स्वामी कुवलयानंदांनी ही संस्था १९२४मध्ये काढली. मरीन ड्राइव्हवरचं तिचं केंद्र गिरगावकरांच्या परिचयाचं आहे.

शिकवण्यात मोघमपणा नव्हता. उताणं पडायचं, पायांत तीस अंशांचं अंतर, हात अंगापासून पंधरा अंश दूर, बोटं अर्धवट मिटलेली. श्वास पोटाने, संथ. आत घेतल्यावर क्षणभर थांबायचं, सोडल्यावर त्याहून जास्त. ही लय बसली की लक्ष नाकपुड्यांशी : आत जाणारी हवा गार, बाहेर येणारी कोमट. रोज अर्धा तास. हे अंगवळणी पडायला साधारण तीन आठवडे लागत.

औषध न घेणाऱ्या १० जणांचा सरासरी दाब १३४वरून १०७वर आला. गोळ्यांनी दाब आटोक्यात असलेले २२ जण होते. त्यांतल्या १३ जणांचं औषध जवळपास एक तृतीयांशावर आणता आलं. गोळ्या घेऊनही दाब न उतरणाऱ्या १५ जणांत मात्र निम्म्यांनाही असा लाभ झाला नाही. अभ्यास लहान होता, आजच्या कसोट्यांना तो पुरा उतरणार नाही. तरी त्याची दखल परदेशात घेतली गेली, इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याच वाटेवरचं काम छापलं.

हे घडतं कसं? श्वास घेताना नाडी किंचित वेगावते, सोडताना मंदावते. सोडणं लांबवलं की हृदयाला आवर घालणाऱ्या वेगस चेतेला जास्त वेळ मिळतो. संकट लांबलं की शरीर सतत धोक्याच्या पवित्र्यात राहतं. झोप उडते, दाब चढतो, घरच्यांवर खेकसणं सुरू होतं. सराव असलेलं शरीर त्या पवित्र्यातून लवकर बाहेर येतं. खंबीरपणाचा शरीराच्या बाजूने अर्थ मला तरी एवढाच दिसतो. म्हणूनच ते तीन आठवडे महत्त्वाचे. आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसून पहिल्यांदा श्वास मोजायला घेणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही.

आणि श्वासाने पगार येत नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे याच परळ-लालबागमध्ये चुली विझायची वेळ आली. त्या कामगाराला शवासन सांगणं ही थट्टाच झाली असती. कर्मचाऱ्यांना कमी करून उरलेल्यांसाठी योगशिबिर भरवणाऱ्या आजच्या कंपन्यांकडे मी त्याच नजरेने पाहतो.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी गोळ्या आपल्या मनाने सोडू नयेत. केईएममध्ये त्या कमी केल्या त्या डॉक्टरांनी, दाब मोजून. खरी अडचण जागेची. दहा बाय बाराच्या खोलीत हातपाय फाकवून अर्धा तास पडायचं तर मुलं शाळेत गेल्यावर आणि पाणी भरून झाल्यावरच जमतं. मोबाइल शेजारच्या काकूंकडे ठेवावा.