पाळक चुकला, मग माझा बाप्तिस्मा खरा का?

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर.

एक प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत सारखा विचारला जातो. ज्या पाळकांनी मला बाप्तिस्मा दिला, आमचं लग्न लावलं, त्यांनी मंडळीच्या पैशात अफरातफर केल्याचं आता सिद्ध झालंय. मग माझा बाप्तिस्मा धरायचा की नाही? पुन्हा घ्यायचा का? विचारणाऱ्याचा आवाज बरेचदा थरथरत असतो. आपला ज्यावर विश्वास होता तो माणूसच खोटा निघाला, तर त्याच्या हातून मिळालेलं सगळं खोटं वाटायला लागतं.

मित्रांनो, हाच प्रश्न मंडळीला 1700 वर्षांपूर्वी पडला होता. आणि त्यावरून मंडळी फुटली होती.

चला, उत्तर आफ्रिकेत जाऊ. सन 303. रोमन सम्राट डायोक्लेशनने हुकूम काढला: ख्रिस्ती उपासनेच्या जागा पाडा, पवित्र शास्त्राच्या प्रती जप्त करा आणि जाळा. तेव्हा छापखाना नव्हता. प्रत्येक प्रत हाताने लिहिलेली. शिपाई दारात येऊन म्हणायचे, पुस्तकं काढा. काहींनी नकार दिला आणि जीव गमावला. काही बिशपांनी घाबरून प्रती देऊन टाकल्या. कार्थेजच्या मेन्सूरियस नावाच्या बिशपने वेगळीच शक्कल लढवली. त्याने पवित्र शास्त्र लपवलं आणि पाखंडी लोकांची पुस्तकं शिपायांना दिली!

ज्यांनी शास्त्र सोपवलं त्यांना लॅटिनमध्ये ‘ट्रॅडिटोर’ म्हणू लागले, म्हणजे सोपवून देणारा. इंग्रजीतला ‘ट्रेटर’ हा शब्द याच मुळातून आला.

छळ थांबला. 311 च्या सुमारास कार्थेजला, म्हणजे आजच्या ट्युनिशियात, सिसिलियन नावाचा नवा बिशप नेमला गेला. त्याच्यावर हात ठेवून त्याला दीक्षा देणाऱ्यांत फेलिक्स नावाचा बिशप होता. लगेच आरोप झाला, की हा फेलिक्स ट्रॅडिटोर आहे! त्याचे हात अशुद्ध, म्हणून सिसिलियनची दीक्षा अशुद्ध, म्हणून सिसिलियन देईल तो बाप्तिस्माही फुकट. शेजारच्या नुमिदिया प्रांतातल्या सुमारे 70 बिशपांनी सिसिलियनला अमान्य केलं आणि दुसरा बिशप बसवला. त्याच्यानंतर आला डोनाटस, आणि या गटाला नाव पडलं डोनाटिस्ट.

गंमत बघा, पुढे सरकारी चौकशीत फेलिक्स निर्दोष ठरला. पण तोवर एकाच गावात दोन बिशप, दोन मंडळ्या अशी अवस्था झाली होती. तुम्ही डोनाटिस्टांकडे गेलात, तर ते तुम्हाला पुन्हा बाप्तिस्मा द्यायचे.

पण डोनाटिस्टांना नुसतं हट्टी म्हणून सोडून देऊ नका. त्यांच्या घरचे लोक शास्त्रासाठी मेले होते. त्यांना वाटायचं, ज्याने जीव वाचवायला शास्त्र जाळायला दिलं, तो उद्या वेदीपुढे कोणत्या तोंडाने उभा राहणार? हा राग मला समजतो. बहुतेक तुम्हालाही समजेल.

आता उत्तराकडे येऊ. 314 साली आर्ल, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, बिशपांची परिषद भरली. तिथे ठरलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्याने शास्त्र सोपवल्याचं सरकारी नोंदींवरून सिद्ध होईल, त्याला पदावरून काढा. पण त्याने ज्यांना दीक्षा दिली, त्यांची दीक्षा कायम राहील. आलं लक्षात? परिषदेने दोन प्रश्न वेगळे केले. हा माणूस पदावर राहू शकतो का? नाही. त्याच्या हातून लोकांना जे मिळालं ते रद्द होतं का? तेही नाही.

यामागची कारणं पुढे ऑगस्टीनने उलगडून सांगितली. तो हिप्पोचा, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या अन्नाबाचा बिशप. त्याचं म्हणणं साधं होतं: बाप्तिस्मा पाळकाच्या मालकीचा नसतो, ख्रिस्ताचा असतो. त्याने दिलेला दाखला आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला पटेल. पाणी दगडी पाटातून वाहतं. दगडावर काही उगवत नाही, पण पाणी पुढे वाफ्यात पोहोचतं आणि बाग हिरवी होते. पाट कोरडाच राहिला म्हणून पाणी खोटं ठरत नाही.

पौलानेही करिंथकरांना हेच विचारलं होतं, की तुमचा बाप्तिस्मा काय पौलाच्या नावाने झाला का? नाही ना!

एक कडू गोष्टही सांगायलाच हवी. 411 साली कार्थेजला दोन्ही बाजूंचे मिळून पाचशेहून जास्त बिशप वादासाठी जमले. सम्राटाच्या अधिकाऱ्याने निकाल डोनाटिस्टांच्या विरोधात दिला आणि मग त्यांच्यावर दंड बसवले गेले. ऑगस्टीनने अशा सक्तीचं समर्थन केलं होतं. त्याचा बाप्तिस्म्याबद्दलचा विचार मी मानतो, सक्तीचं समर्थन मानत नाही. डोनाटिस्ट त्यानंतरही संपले नाहीत.

आता हे आपल्या मंडळीत आणू. इंग्लंडच्या चर्चच्या 39 कलमांपैकी 26 वं कलम याच विषयावर आहे. ती अँग्लिकन परंपरा महाराष्ट्रात आली आणि 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली. ते कलम म्हणतं, सेवक दुष्ट असला तरी ख्रिस्ताच्या विधीचा परिणाम जात नाही. पण ते तिथेच थांबत नाही. पुढे सांगतं, की अशा सेवकाची चौकशी व्हावी आणि दोषी ठरल्यास त्याला पदावरून काढावं.

आपण नेमके हे दोन प्रश्न एकात मिसळतो. कुणी म्हणतं, ‘देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध बोलू नये, त्यांच्या हातून किती लोक तारले गेले!’ आणि प्रकरण दाबतात. दुसरा म्हणतो, ‘सगळंच ढोंग होतं,’ आणि विश्वास सोडून देतो. दोघांचीही चूक एकच आहे. दोघंही पाटालाच पाणी समजतात.

म्हणून प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला माझं उत्तर असं: तुमचा बाप्तिस्मा पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने झालाय ना? मग तो खरा आहे. पाळकाच्या पापामुळे तो पुन्हा घ्यायची गरज नाही. (बालबाप्तिस्मा चालतो का, हा वेगळा वाद आहे, त्यावर वेगळा एपिसोड करू.) तुमचं लग्नही खरंच आहे.

आणि तितक्याच ठामपणे दुसरी गोष्ट. हिशेब मागा. पास्टोरेट कमिटीकडे लेखी तक्रार द्या, बिशपांना कळवा. गुन्हा असेल, विशेषतः मुलांवर किंवा स्त्रियांवर अत्याचार झाला असेल, तर आधी पोलिसांकडे जा. क्षमा करणं म्हणजे त्याच माणसाला पुन्हा दानपेटीची चावी देणं नव्हे. आणि फेलिक्सलाही विसरू नका, नुसत्या आरोपावर कुणाला दोषी धरू नका. चौकशी त्यासाठीच असते.

ऐकणाऱ्यांत पाळकही आहेत, म्हणून साहेब, तुमच्यासाठी एकच वाक्य: आपल्याशिवायही पाणी वाहतं, हे ऐकून आपल्याला हलकं वाटायला हवं आणि थोडी भीतीही वाटायला हवी.

हा भाग कुणाच्या उपयोगी पडेल असं वाटलं, तर त्याला जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात. प्रभू तुम्हाला सांभाळो!