प्लास्टिक प्रतिकृतींवरचा जुना रंग

विमाने, रणगाडे, जहाजे यांच्या जुळणी-संचांतील सुटे भाग बहुतांशी पॉलिस्टायरीन या कडक प्लास्टिकचे असतात आणि त्यांच्यावरचा जुना रंग उतरवताना खालचे प्लास्टिक शाबूत राखणे हेच सर्वांत अवघड असते. नखांचा रंग पुसण्यासाठी वापरले जाणारे अ‍ॅसिटोन पॉलिस्टायरीनच्या लांब रेणुसाखळ्याही सुट्या करते, त्यामुळे पंखांवरच्या केसाएवढ्या सांधेरेषा पाहता पाहता चिकट लगद्यात हरवतात.

पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचा थर सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून तयार होतो आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तो फुगून सैल पडतो, मग दात घासण्याचा जुना ब्रश पुरतो. एनॅमलमधील अल्किड राळ मात्र हवेतील ऑक्सिजन शोषून वाळते व तिच्या साखळ्यांमध्ये आडवे बंध निर्माण होतात, म्हणून वर्षानुवर्षे मुरलेला थर अल्कोहोलला सहसा दाद देत नाही. तेथे कॉस्टिक सोडा, म्हणजेच सोडियम हायड्रॉक्साइड, कामी येतो. ज्या अभिक्रियेने तेलाचा साबण होतो तिनेच तो राळेतील एस्टर बंध तोडतो, पण पॉलिस्टायरीनमध्ये असे बंधच नसल्याने त्याला धक्का लागत नाही, आणि ही निवडक क्रिया खरोखर देखणी आहे.

हे द्रावण त्वचा व डोळे भाजते, म्हणून हातमोजे आणि संरक्षक चष्मा अनिवार्य ठरतो. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे तर वर्ज्यच, कारण त्याच्याशी अभिक्रिया होऊन ज्वालाग्राही हायड्रोजन सुटतो. सोडा नेहमी थंड पाण्यात थोडा थोडा टाकावा आणि त्यामुळे तापलेले द्रावण पूर्ण निवल्यावरच भाग बुडवावेत, अन्यथा पातळ भाग उष्णतेने वाकतात.